ट्रीजचा शेवटचा अल्बम 'ऑन द शोअर': एवढं काय आहे त्यात, आणि कोणती प्रत घ्यावी?

कोरस_नको

इंग्लिश फोक रॉक म्हटलं की फेअरपोर्ट कन्व्हेन्शन, स्टीलाय स्पॅन, पेंटँगल ही तीन नावं सगळे घेतात. त्यांच्या मागच्या रांगेत ट्रीज हे नाव वारंवार दिसतं. लंडनचा बँड, १९६९ मध्ये उभा राहिला, सीबीएस या रेकॉर्ड कंपनीसाठी दोनच अल्बम केले: 'द गार्डन ऑफ जेन डिलॉनी' आणि 'ऑन द शोअर'. दुसरा तोच शेवटचा.

हा शेवटचा अल्बम फोनवर दोनदा ऐकला. काही जागा विलक्षण आवडल्या, पण एकसंध असं काही हाती लागलं नाही. म्हणून जाणकारांना विचारतो.

पहिली गोष्ट म्हणजे, ही फेअरपोर्टची नक्कल आहे असं बऱ्याच ठिकाणी म्हटलं जातं. त्यात तथ्य किती? दुसरी, 'सॅली फ्री अँड ईझी' दहा मिनिटं चालतं आणि मला ते मध्येच रेंगाळल्यासारखं वाटलं. ऐकण्यात माझं काही चुकतंय का? तिसरी, जुनी तबकडी, २००७ ची दोन सीडींची आवृत्ती आणि ५० वर्षांनिमित्त आलेला संच यातलं काय घ्यावं? आणि शेवटची: आम्ही दोघं गिटार वाजवतो, 'जॉर्डी' आणि 'पॉली ऑन द शोअर' बसवायचा प्रयत्न चालू आहे. दोन गिटारी एकत्र आल्या की नुसता गलका होतो. रेकॉर्डवर तो का होत नाही?

---

आडवाटेचा_श्रोता

नकलेच्या आरोपापासून सुरुवात करतो, कारण तो निकालात निघाल्याशिवाय या अल्बमचं मोल नीट दिसत नाही.

फेअरपोर्टचा 'लीज अँड लीफ' १९६९ च्या डिसेंबरात आला. पारंपरिक कथागीत घ्यायचं, त्याला ड्रम्स, बेस आणि विजेच्या गिटारीची साथ द्यायची, समोर स्त्रीचा स्वच्छ आवाज ठेवायचा, ही वाट त्याने मोकळी केली. ट्रीज त्याच वाटेवरून चालले हे खरंच आहे. पण फेअरपोर्टकडे डेव्ह स्वॉरब्रिकचं व्हायोलिन होतं आणि त्यामुळे त्यांच्या गाण्यांची बैठक नाचाच्या चालींवर जाते. ट्रीजमध्ये व्हायोलिन नाही. बॅरी क्लार्कची विजेची गिटार, डेव्हिड कोस्टाची अकूस्टिक आणि बारा तारांची गिटार, बायस बॉशेलचा बेस, अनविन ब्राउनचे ड्रम्स आणि सिलिया हम्फ्रिसचा आवाज, एवढाच संसार. गाणं पुढे न्यायचं काम दोन गिटारींच्या बोलण्यातून होतं. एक गिटार मुखडा धरून बसते, दुसरी तिच्याभोवती फिरत राहते, आणि काही वेळाने कोण कोणाभोवती फिरतंय हेच कळेनासं होतं. हे फेअरपोर्टकडे नाही.

पहिल्या अल्बममध्ये हे अजून चाचपडत चालू होतं. तो १९७० च्या वसंतात आला, दुसरा लगेच वर्षभराच्या आत, १९७१ च्या सुरुवातीला. या थोड्या महिन्यांत त्यांना मोकळी जागा सोडायची कशी हे उमगलं. 'ऑन द शोअर'ची खरी उंची मला तिथे दिसते. गाण्याचे शब्द संपतात आणि गाणं संपत नाही. 'स्ट्रीट्स ऑफ डेरी' साडेसात मिनिटांचं आहे. कथा अशी की एका तरुणाला डेरीच्या रस्त्यांवरून फाशीच्या चौथऱ्याकडे नेलं जातंय आणि त्याची प्रिया माफीचा हुकूम घेऊन घोड्यावरून पोहोचते. बहुतेक गायक कथा संपली की थांबतात. ट्रीज तिथून पुढे गिटारींवर कितीतरी वेळ जातात, आणि कथेतली धाप तिथे ऐकू येते. गाणाऱ्याने सांगितलेलं वाद्यांनी पुन्हा एकदा सांगावं, असं काहीसं.

'सॅली'बद्दल. हे पारंपरिक गीत नाही. सिरिल टॉनी या नाविकाने ते रचलं. तो रॉयल नेव्हीत होता, पाणबुड्यांवर काम करत असे. फसवून गेलेल्या प्रेयसीबद्दलचं अगदी छोटं गाणं आहे, कडवी मोजकी, शब्द साधे. ते कोणी तीन मिनिटांत म्हणून मोकळं होईल. ट्रीजने दहा मिनिटं घेतली आहेत. इथे बॉशेल बेस सोडून पियानोवर बसतो आणि बेस निर्माता टोनी कॉक्स वाजवतो. या अदलाबदलीने सगळा पोत बदलतो. पियानोची तीच ती आवर्तनं पाण्यासारखी येत-जात राहतात, आवाज वरून तरंगतो, गिटार हळूहळू भरत जाते.

तुम्हाला ते रेंगाळल्यासारखं वाटलं कारण तुम्ही बहुधा पुढच्या कडव्याची वाट पाहत होता. ते गाणं विलंबित ख्यालासारखं ऐका. पुढे काय होणार याकडे लक्ष न ठेवता, या क्षणी किती थर चालू आहेत तेवढं बघा. पहिली दोन मिनिटं फक्त पियानोचा उजवा हात धरा. मग बेसवर या. चौथ्या मिनिटानंतर गिटारीकडे लक्ष द्या, ती किती कमी सुरांत काम करते ते पाहा. आवाज कुठे वाढला हे सांगता येत नाही, पण शेवटाशी तुम्ही बराच वर चढून आलेले असता.

आणखी एक: फोनच्या स्पीकरवर बेस जवळजवळ गायब होतो. या गाण्यातून बेस काढला की उरतो तो खरंच रेंगाळणारा पियानो. साधे तारेचे इअरफोन लावले तरी फरक पडेल.

---

तबकडी_३३

प्रतींचा प्रश्न माझ्याकडे घेतो.

आधी एक गणित. अल्बम एकूण सुमारे ४९ मिनिटांचा आहे, म्हणजे तबकडीची प्रत्येक बाजू साधारण साडेचोवीस मिनिटांची. ३३⅓ फेऱ्यांच्या बारा इंची तबकडीला हे जास्तच होतं. १८ ते २० मिनिटांपर्यंत खोबण ऐसपैस कापता येते. त्यापुढे खोबणी जवळजवळ आणाव्या लागतात, त्या एकमेकींत घुसू नयेत म्हणून आवाजाची पातळी उतरवावी लागते आणि खर्जही आवरावा लागतो. त्यामुळे या रेकॉर्डची जुनी प्रत इतर रेकॉर्ड्सच्या मानाने कमी आवाजात वाजते. आवाज वाढवला की खरखरही वाढते. प्रत खराब आहे असं समजून लोक परत करतात, पण पुष्कळदा ती तशीच कापलेली असते.

दुसरी अडचण गाण्यांच्या क्रमाची. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं 'सॅली', दहा मिनिटांचं. दुसऱ्या बाजूचं शेवटचं 'पॉली ऑन द शोअर', सहा मिनिटांचं. म्हणजे अल्बममधली सगळ्यात घनदाट दोन गाणी तबकडीच्या आतल्या भागात आली. बाहेरच्या कडेला खोबण सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर वेगाने सरकते, आत लेबलजवळ हाच वेग सुमारे २१ सेंटीमीटरवर येतो. तेवढ्याच सेकंदाची माहिती निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेली असते. वरचे सूर तिथे सगळ्यात आधी फाटतात. सिलियाचा आवाज उंच आणि स्वच्छ, त्यात 'स', 'श' ही व्यंजनं आली की थुंकल्यासारखा आवाज येतो.

तबकडीच हवी असेल तर सेटिंग असं ठेवा.

कार्ट्रिजची (ज्यात सुई बसवलेली असते तो भाग) जुळणी बेअरवाल्ड पद्धतीने करा, म्हणजे सुई खोबणीला अगदी समांतर असते ते शून्यबिंदू तबकडीच्या मध्यापासून साधारण ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर. ही जुळणी तपासायचा कागदी प्रोट्रॅक्टर छापून घेतलात तर त्यावरची मोजपट्टी खऱ्या पट्टीने तपासा. प्रिंटर 'पानावर बसवा' या सेटिंगवर असेल तर ३-४ टक्के लहान छापतो आणि सगळी जुळणी चुकते.

सुईचा भार कार्ट्रिजच्या कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या मध्यावर किंवा किंचित वर ठेवा. ऑडिओ टेक्निकाच्या व्हीएम९५ई ला १.८ ते २.२ ग्रॅम दिलंय, तिथे २.० ते २.१ ठेवा. तबकडी जपायची म्हणून भार कमी करणं हा उलटा उपाय आहे. हलकी सुई खोबणीत उडते आणि भिंती खरवडते.

गोल टोकाची सुई या रेकॉर्डला पुरत नाही. लंबवर्तुळाकार चालते, मायक्रोलाइन उत्तम. आतल्या खोबणीत फरक पहिल्या मिनिटात कळतो.

धुताना तीन भाग डिस्टिल्ड वॉटर आणि एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, खोबणीच्या दिशेने. लेबल कोरडं ठेवा. नळाचं पाणी नको, क्षार खोबणीत बसतात. हे मिश्रण लाखेच्या जुन्या ७८ च्या तबकड्यांना चुकूनही लावू नका, लाख विरघळते.

मूळ प्रत सीबीएसच्या नारिंगी लेबलची, क्रमांक ६४१६८. त्या काळी खप फार झाला नाही, म्हणून मूळ प्रती थोड्या आणि भाव चढे. विकत घेताना पृष्ठभागावरच्या ओरखड्यांपेक्षा 'पॉली'चा शेवट वाजवून दाखवायला सांगा. ५ ग्रॅम भाराच्या सिरॅमिक कार्ट्रिजवर वर्षानुवर्षं वाजलेली प्रत डोळ्यांना चकचकीत दिसते, पण आतल्या खोबणीच्या भिंती झिजलेल्या असतात. ती झीज धुण्याने जात नाही, कार्ट्रिज बदलूनही जात नाही.

आता सल्ला. पहिल्यांदाच घेत असाल तर सीडी घ्या. ४९ मिनिटांचा अल्बम सीडीला काहीच जड नाही, आतल्या खोबणीचा प्रश्नच येत नाही, 'सॅली'चा बेस पूर्ण ऐकू येतो. २००७ च्या आवृत्तीत पहिल्या सीडीवर मूळ मिश्रण (मिक्स) आहे, दुसऱ्या सीडीवर काही गाण्यांची नव्याने केलेली मिश्रणं. आधी मूळच ऐका. नव्या मिश्रणात वाद्यं सुटी होतात, ड्रम्स पुढे येतात, अभ्यासाला ते फार उपयोगी आहे. पण मूळ मिश्रणातला तो एकमेकांत मुरलेला आवाज त्यात पातळ होतो. ५० वर्षांनिमित्त अर्थ रेकॉर्डिंग्जने २०२० मध्ये काढलेल्या संचात दोन्ही अल्बम आणि त्याशिवाय कच्ची ध्वनिमुद्रणं वगैरे आहेत. पहिला अल्बमही हवाच असेल तर तो संच घ्यावा.

फोनवर ऐकणार असाल तर दोन गोष्टी बंद करा: गाणी एकमेकांत मिसळणारं क्रॉसफेड आणि सगळ्या गाण्यांचा आवाज एकसारखा करणारं सेटिंग. 'ॲडम्स टून' जेमतेम ७० सेकंदांचं आहे. १२ सेकंदांचं क्रॉसफेड लावलंत तर दोन्ही टोकांनी त्यातलं एक तृतीयांश खाल्लं जातं. आणि यादीत नावापुढे 'रीमिक्स' आहे का ते बघून घ्या, दोन्ही मिश्रणं शेजारी शेजारी असतात आणि भलतंच लागतं.

---

खर्जातला

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत, पण या अल्बमला डोक्यावर घेताना त्यातल्या उणिवा झाकू नयेत.

तो सलग एका उंचीवर नाही. 'लिटल सेडी' हे अमेरिकन खुनाचं गाणं, क्लॅरन्स अ‍ॅशलीच्या जुन्या मुद्रणामुळे प्रसिद्ध, आणि १९७० मध्येच बॉब डिलनने ते आपल्या अल्बमवर घेतलं होतं. ट्रीजने ते उडत्या, कंट्री ढंगात केलंय. छान वाजवलंय, पण 'जॉर्डी' आणि 'पॉली' यांच्या मधोमध ते येतं आणि बांधत आलेला माहोल मोडतो. मी ते गाणं गाळून 'व्हाइल द आयर्न इज हॉट'वरून थेट 'पॉली'वर जातो आणि दुसरी बाजू लगेच घट्ट होते.

दुसरं, स्वतः रचलेली गाणी. इथली स्वतंत्र गाणी तीन: 'मर्डॉक', 'फूल' आणि 'व्हाइल द आयर्न इज हॉट'. त्यातलं 'मर्डॉक' पहिल्या दर्जाचं. बॉशेलने ते असं रचलंय की लोकगीतांच्या कुठल्याही संग्रहात बेमालूम मिसळून जाईल. बाकी दोन त्याच्या जवळ पोहोचत नाहीत. रचनाकार म्हणून बॉशेल मला पहिल्या अल्बमच्या शीर्षकगीतात जास्त भेटतो. फ्रेंच गायिका फ्रान्सवाझ हार्डीने १९७२ मध्ये ते गायलं, ते उगीच नाही. आणि पुढे १९७४ मध्ये किकी डीने गाजवलेलं 'आय हॅव गॉट द म्युझिक इन मी' त्याचंच. एकाच माणसाची 'मर्डॉक' आणि ते गाणं लागोपाठ ऐकून बघा, हात किती चालतो ते कळेल.

म्हणजे माझा हिशोब असा: रचनांसाठी पहिला अल्बम, वादनासाठी दुसरा. लोकगीतांना हात घालायचं धाडस दुसऱ्यात कितीतरी जास्त आहे, हे मात्र निर्विवाद.

---

आडवाटेचा_श्रोता

@खर्जातला, 'लिटल सेडी'बद्दल तुमचं बरोबर. पण मी ते गाळणार नाही. 'पॉली'मध्ये लढाईत जखमी झालेला नाविक मरता मरता किनाऱ्यावरच्या पॉलीला आठवतो. त्याआधी कानाला थोडी मोकळी हवा लागते. सलग सहा गंभीर गाणी दिली असती तर 'पॉली' थकल्या कानांवर पडलं असतं.

'व्हाइल द आयर्न'बद्दल नाही म्हणणार. तीन मिनिटांचं आहे, निघून जातं.

पहिलं गाणं मात्र कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. 'सोल्जर्स थ्री' जेमतेम दोन मिनिटांचं. त्याचा मूळ पाठ १६०९ मध्ये लंडनमध्ये छापलेल्या थॉमस रेव्हन्सक्रॉफ्टच्या 'ड्यूटरोमेलिया' या संग्रहात आहे. नेदरलँड्सच्या लढाईवरून खिशात एक दमडी न घेता परतलेले तीन शिपाई, आणि ध्रुपदात मोडकीतोडकी फ्रेंच, जी ते तिकडून उचलून आणतात. या अल्बमचं दार म्हणून ते नेमकं आहे. गाणी साडेतीनशे वर्षांपूर्वीची आहेत, आम्ही ती आत्ता वाजवतोय, हे दोन मिनिटांत सांगून टाकलं आणि मग 'मर्डॉक' सुरू.

---

सहावी_तार

गलक्याचं कारण आणि उपाय.

तुम्ही दोघंही बहुधा पूर्ण कॉर्ड वाजवताय. दोघंही खुल्या जागी, दोघंही तीन बोटांत. मग दोन गिटारी म्हणजे एकच मोठी, किंचित बेसुरी गिटार होते. त्यातून दुसरं, ही गाणी पाश्चात्य मेजर-मायनरच्या चौकटीत नीट बसत नाहीत. कधी काफीचा कोमल गंधार, कधी खमाजासारखा शुद्ध गंधार आणि कोमल निषाद. एकाने 'डी मायनर' धरला आणि दुसऱ्याने सवयीने 'डी' वाजवला की दोन्ही गंधार एकाच वेळी वाजतात. गलका तो हाच.

म्हणून पहिला नियम: अकूस्टिक गिटारीने गंधार वाजवायचाच नाही. फक्त सा आणि प. गंधार कोणता हे गाणारा आणि विजेची गिटार ठरवतील. तानपुऱ्याचं काम अकूस्टिकने करायचं.

त्यासाठी अकूस्टिकला डी-ए-डी-जी-ए-डी लावा. पायऱ्या अशा:

सहावी तार 'ई'वरून 'डी'वर उतरवा, खुल्या चौथ्या तारेच्या बरोबर एक सप्तक खाली येईपर्यंत. पाचवी, चौथी, तिसरी तशाच. दुसरी 'बी'वरून 'ए'वर, खुल्या पाचव्या तारेच्या एक सप्तक वर. पहिली 'ई'वरून 'डी'वर, खुल्या चौथीच्या एक सप्तक वर.

तीन तारा सैल केल्या की मानेवरचा ताण घटतो आणि न हलवलेल्या तारा थोड्या चढतात. म्हणून एकदा सगळं लावून झालं की पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा तपासा. तार उतरवताना नेमक्या सुराच्या थोडं खाली जाऊन मग वर चढवत आणा. नुसती खाली आणून सोडली तर वाजवताना ती घसरत राहते.

तारा १२ ते ५३ जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागांत) घ्या. १० किंवा ११ च्या संचात सहावी तार 'डी'वर लोंबते, पट्ट्यांवर (फ्रेट्सवर) आपटते आणि जोरात वाजवली की पहिल्या क्षणी सूर वर चढलेला ऐकू येतो. तेवढी एकच अडचण असेल तर सहावी तार ५६ ची टाका.

गायिकेचा आवाज उंच असेल तर दुसऱ्या पट्टीवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा, षड्ज 'ई' होईल. कॅपो पट्टीला चिकटून, मागे सरकवून नाही. या ट्युनिंगमध्ये तारा सैल असतात, कॅपोच्या दाबाने त्या तीव्र होतात, म्हणून लावल्यावर पुन्हा सुरात आणा.

आता विजेची गिटार. नेहमीच्या ट्युनिंगमध्येच ठेवा आणि सातव्या पट्टीच्या वर राहा. खालचा भाग पूर्ण अकूस्टिकचा. कॉर्ड नाहीत, एका वेळी एक किंवा दोन तारा. क्लार्क काय करतो ते ऐका: सूर धरतो, तो लांबवतो, त्याला कंप देतो, आणि गाणारी श्वास घेते तिथे बोलतो. ती गाताना तो मागे असतो. बहुतेक जण ओळीवरच वाजवतात, तिथे पहिली चूक होते. अँपवर गेन मध्यम, गिटारवरचा व्हॉल्यूम ६-७ वर ठेवून शेवटाकडे ९ वर न्या. डिस्टॉर्शनच्या पेडलने उडी मारू नका. ही गाणी चढतात, त्यांना पायरी नसते.

लय. दोन गिटारी चढत गेल्या की हमखास धावतात. 'पॉली'चा शेवट बसवताना मेट्रोनोम पूर्ण मात्रेवर न ठेवता निम्म्या वेगाने ठेवा, म्हणजे दोन मात्रांना एक ठोका. मधली जागा तुम्हालाच भरावी लागते आणि धावणं लगेच उघडं पडतं. ड्रमर नसेल तर अकूस्टिकवाल्याने उजव्या हाताची चाल अजिबात बदलायची नाही, फक्त दाब वाढवायचा.

बसवायचा क्रम: आधी अकूस्टिक आणि आवाज, पूर्ण गाणं, विजेच्या गिटारीशिवाय. ते एकटं उभं राहिलं पाहिजे. मग गिटार फक्त ओळींच्या मधल्या जागांत. मग शब्द संपल्यानंतरचा भाग, आधी १६ मात्रांचा, मग ३२. थेट चार मिनिटांचं वादन करायला गेलात तर दुसऱ्या मिनिटालाच सांगण्यासारखं संपतं.

---

कोरस_नको

गंधाराची गोष्ट लगेच पटली. एक गिटार 'डी मायनर'वर आणि दुसरी 'डी'वर, नेमकं तेच चाललं होतं.

दोन उपप्रश्न. 'जॉर्डी'ची चाल ऐकून एक ओळखीचा भास होतो, आधी कुठे ऐकली असावी? आणि या अल्बमनंतर बँडचं काय झालं, तिसरा अल्बम का नाही?

---

आडवाटेचा_श्रोता

'जॉर्डी' म्हणजे फ्रान्सिस चाइल्डने जमवलेल्या जुन्या कथागीतांच्या संग्रहातलं २०९ क्रमांकाचं कथागीत. राजाची हरणं मारली म्हणून फाशी होणारा जॉर्डी आणि त्याचा जीव मागायला गेलेली त्याची बायको. डेरीत माफी मिळते, इथे मिळत नाही. ही दोन गाणी एका अल्बमवर समोरासमोर बाजूंना ठेवली आहेत, हे माझ्या मते फार विचाराने केलेलं आहे. पहिल्या बाजूवर घोडा वेळेत पोहोचतो, दुसरीवर विनवणी वाया जाते.

हे गाणं जोन बाएझपासून पुष्कळांनी गायलंय, पण तुम्हाला भास होतोय तो बहुतेक नार्ल्स बार्क्ली या अमेरिकन जोडीमुळे. त्यांच्या २००६ च्या 'सेंट एल्सव्हेअर' अल्बमचं शीर्षकगीत ट्रीजच्या याच 'जॉर्डी'च्या तुकड्यावर उभं आहे. पुढच्या वर्षी दोन सीडींची आवृत्ती आली आणि ट्रीजचं नाव नव्या श्रोत्यांपर्यंत गेलं.

बँडचं म्हणाल तर, 'ऑन द शोअर' फारसा खपला नाही आणि मूळ पाच जण पांगले. सिलिया आणि क्लार्क यांनी नवी माणसं घेऊन काही काळ चालवलं. बेसवर बॅरी लायन्स आणि ड्रम्सवर अ‍ॅलन ईडन, दोघंही मिस्टर फॉक्स या बँडमधून आलेले. त्या फळीचा स्टुडिओ अल्बम झाला नाही. कोस्टा पुढे मुखपृष्ठांच्या कलादिग्दर्शनात गेला. अनविन ब्राउन २००८ मध्ये गेला, सिलिया २०२१ च्या जानेवारीत. लंडनच्या भुयारी रेल्वेत नॉर्दर्न लाइनवर वर्षानुवर्षं घोषणा ऐकू यायच्या, त्यातला आवाज तिचा होता. तिथे राहणाऱ्या मंडळींनी तो रोज ऐकला असेल, कोणाचा ते माहीत नसताना.

मुखपृष्ठाचंही सांगतो. मुखपृष्ठं करणाऱ्या हिप्नोसिस या संस्थेच्या स्टॉर्म थॉर्गरसनचं ते काम. लांब कपड्यातली लहान मुलगी पाणी उडवते आहे आणि ते पाणी हवेत थिजलंय. जागा लंडनमधल्या हॅम्पस्टेड हीथच्या कडेची हिल गार्डन. नाव समुद्रकिनाऱ्याचं, चित्र बागेतलं. अल्बमवरच्या गाण्यांशी त्याचा काही उघड संबंध नाही, आणि तरी दुसरं कोणतं चित्र त्यावर शोभेल असं वाटत नाही.

---

सहावी_तार

'जॉर्डी'बद्दल एक भर. त्याची चाल तीनच्या वजनाची, दादऱ्यासारखी झुलणारी आहे. अकूस्टिकवर पहिली मात्रा अंगठ्याने सहाव्या किंवा चौथ्या तारेवर, दुसरी-तिसरी बोटांनी वरच्या तीन तारांवर, हलक्या. पहिली मात्रा दर वेळी सारख्या जोराने नको, एकाआड एक दाबा, म्हणजे सहाचं आवर्तन तयार होतं आणि वॉल्ट्झसारखी घरघर टळते. हे जमेपर्यंत विजेची गिटार पिशवीतच राहू द्या.

---

तबकडी_३३

@कोरस_नको, सीडी आली की पहिल्या वेळी 'सॅली' संपल्यावर पॉझ दाबा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. मूळ तबकडीवर तिथे उठून बाजू पालटावी लागायची. सीडीवर 'सॅली'च्या शेवटच्या सुरानंतर काही सेकंदांत 'फूल' अंगावर येतं, आणि तो धक्का या क्रमात कधीच नव्हता.